ऐंशी हात खाली

कानात भरायला बकरीची चरबी हवी होती, म्हणून त्या सकाळी मी सहारा वाळवंटातल्या आमच्या तुग्गुर्तच्या बाजारात गेलो होतो. आम्ही विहिरीत बुडी मारून तळाची वाळू उपसणारे. कानात चरबीचा बोळा नसला, तर खोल पाण्याच्या दाबानं पडदाच फुटतो.

परतलो, तर लार्बीमामा दारात उभा. बुडी मारताना माझा दोर तोच धरायचा.

"तिजानी, हद्दाखालाच्या विहिरीचा तळाचा झरा वाळूनं बुजला. पाच दिवस पाटात थेंब नाही. तिच्या बागेतल्या खजुरांनी माना टाकल्यात."

"पण ती तर ऐंशी हात..."

"मग? जन्मभर गुडघाभर पाण्यातच डुंबणार का, नवरदेवा?"

भर उन्हात काठावर उभा राहिलो. तोंडाला कोरड, तळहात ओलेचिंब, छातीत ढोल.

"मामा, हृदय फुटेल माझं."

"भ्यायलास ते बरं झालं. अंग जागं झालं. पाण्यात तोंड गेलं की बघ, कसं शहाण्यासारखं वागतं ते."

आणि खरंच! गार पाणी कपाळाला लागलं आणि दहा वर्षांची सवय धावून आली. ठोके मंदावले. हातापायांतलं रक्त छातीकडे ओसरलं; बोटं बधिर, पण डोकं लख्ख. हवेसाठी छाती आतून लाथा मारू लागली, तरी मला ठाऊक होतं, अजून पुष्कळ वेळ आहे. त्या काळोखात उतरताना मला चक्क हसू येत होतं. ऐंशी हात! मी!

तळ लागला. टोपली टेकवून चाचपडत दोन ओंजळी वाळू टाकली. तिसरी भरून वळलो, तर टोपली काठोकाठ भरलेली...

मग कुणीतरी माझं मनगट धरलं.

थंडगार बोटं नेमकी नाडीवर टेकली. ठोका उसळला, की ती घट्ट व्हायची. कळलं मला. भ्यालो, तर उरलेली हवा क्षणात जळून जाईल आणि ही बोटं सोडणार नाहीत. डोळे मिटले. हळू... आणखी हळू... दोन ठोक्यांमध्ये आख्खी दुपार मावेल इतकं हळू.

बोटं सुटली. मी दोर दोनदा हिसडला.

वर आलो तो पाणी माझ्या पाठोपाठच उसळत आलं! काठावरून ओसंडून पाटात धावलं. हद्दाखालानं जीभ हलवत आनंदाची किलकारी मारली. माणसं मला खांद्यावर घेऊन नाचली. मी रडत होतो, हसत होतो.

लार्बीमामा तेवढा काठावरच दोर धरून बसलेला. हातांची सालटं निघालेली.

"मी केव्हाचा ओढतोय तुला," तो पुटपुटला. "चारशेपर्यंत मोजलं. पुढं दुआच म्हणत होतो."

त्याला बारा वर्षं झाली. मी अजून बुड्या मारतो. माझ्याइतका दम या भागात कुणाला नाही. फक्त मागच्या शुक्रवारी, जेवणानंतर जरा पडलो होतो. उठलो, तर बायको, झोहरा, भिंतीला पाठ लावून बसलेली.

"झोपेत तुमचा श्वास थांबतो," ती म्हणाली. "त्याची सवय झालीय मला. पण आज तो थांबला... आणि खोलीत श्वासाचा आवाज चालूच राहिला."