रिकाम्या सीटचा पट्टा

रिकाम्या सीटला कधी पट्टा लावलाय का रे तुम्ही? नाही ना? मग लावूही नका. का ते सांगतो. आधी तो चहा इकडे सरकवा.

आपला कुसाका माहीत आहे ना? हल्ली घरसामान वाहतो, तोच. पूर्वी तो शर्यतीच्या गाड्या न्यायचा. त्याच्या ट्रकातून गाडी उतरायची ती झोपेतून उठलेल्या बाळासारखी. कुठे खडखड नाही की ओरखडा नाही. त्याचा त्याला मोठा अभिमान.

मे महिन्यातला पहिला शुक्रवार होता. त्याचा भाचा रित्सु क्यूशू बेटावरच्या डोंगरातल्या ट्रॅकवर पहिल्यांदाच मोठ्या शर्यतीत उतरणार होता. त्याच्या संघाने गोतेंबाच्या तोगावा मिस्त्रींकडून एक जुनी गाडी घेतली होती. शनिवारी सकाळी तपासणी. तोवर गाडी पोचली नाही, तर रित्सुची जागा दुसऱ्या पोराला. सुट्ट्यांमुळे बोटी भरलेल्या, म्हणजे रात्रभर रस्त्यानेच जायचं.

गाडी ट्रकात चढली. तोगावांनी तिचं स्टिअरिंग काढलं, कापडात बांधलं आणि दोन्ही हातांनी कुसाकापुढे धरलं.

"हे पुढे, तुझ्या शेजारी ठेव."

"अस्थी दिल्यासारखं काय देताय, तोगावासान?"

म्हातारा हसला नाही. "आणि सीटचे पट्टे मोकळे राहू देत."

"लोंबकळून आपटतील. रंग उडेल."

"उडू दे."

यामागचं कारण कुसाकाला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी सरावात त्या गाडीने पेट घेतला होता. आग लहान, धूर फार. आत हायासे नावाचा चालक. त्याच्या पट्ट्याचं कुलूप उघडलंच नाही. पुढे गाडीचं सगळं बदललं, पट्टेसुद्धा. पण गॅरेजात ती उभी असली की तोगावा पट्टे उघडेच ठेवायचे.

आता सवय बघा माणसाची. ट्रकचं दार लावताना पट्ट्याची एक कडी ठणकन आपटली. कुसाकाने गाडीत हात घातला, सगळे पट्टे जोडले, ओढून घट्ट केले. खडखड थांबली. मग निघाला.

ओसाका मागे पडलं तेव्हा रित्सुचा फोन आला. "मामा, कुठवर आलास?"

"झोप रे गाढवा. उद्या डोळे उघडे लागतील."

"झोप येत नाही. आई म्हणते, त्या गाडीत बसू नकोस."

"आईला सांग, तिचा भाऊ स्वतः घेऊन येतोय."

फोन ठेवला. त्याने भाताचा गोळा खाल्ला, वर थंड कॉफी घेतली. मागचं सामान दिसावं म्हणून त्याच्यापुढे कॅमेऱ्याचा एक छोटा पडदा होता. त्यात गाडी दिसत होती. काळी सीट, तिच्यावर लाल पट्टे.

हिरोशिमाच्या अलीकडे बोगदे लागतात. तिथे पडद्याकडे त्याचं सहज लक्ष गेलं.

पट्टे वर येत होते. खाली जात होते.

धक्क्याने असेल, त्याला वाटलं. पण रस्ता गुळगुळीत. वर... खाली... छातीवर असतात तसे.

बोगदा लांब. थांबायला जागा नाही. पट्टे भराभर हलू लागले. मग मागून आवाज आला. ठक. ठक ठक. आतून कुणी तरी...

बोगद्याबाहेर थांबायची जागा दिसताच त्याने ट्रक घातला. दार उघडलं. आत धुराचा वास. कुलपाला हात लावला. चटका बसला. दाबलं. उघडेना. पुन्हा दाबलं.

उघडेना.

"हायासेसान..." तो कुलपावर वाकून म्हणाला. "चूक माझी आहे. उतरा तुम्ही. फक्त त्या पोराला... त्या पोराला काही..."

खट्‌.

पट्टे सुटले. मग काही नाही. नुसते रातकिडे.

तो धावत पुढे आला. ट्रक चालू केला.

टिंग. टिंग. टिंग.

शेजारच्या सीटवर माणूस बसला आणि पट्टा लावला नाही की वाजतं, ते. गोतेंबापासून तिथे फक्त स्टिअरिंग होतं. एकदाही वाजलं नव्हतं. त्याने न बघता चाचपून ते गाठोडं उचललं, मांडीवर घेतलं.

टिंग. टिंग.

तो निघाला. काय करणार? थोडं अंतर गेलं, आणि आवाज आपोआप थांबला.

...

बघितलं का, म्हणता? नाही. पुढे क्यूशूपर्यंत त्याने डावीकडे मान वळवली नाही.

सकाळी तो ट्रॅकवर वेळेत पोचला. डोंगरात हुडहुडी भरणारी थंडी होती. रित्सु धावत आला. त्याने ट्रकचं डावीकडचं दार उघडलं आणि म्हणाला, "मामा, सोबत कोण होतं? पट्टा लावलेलाच आहे की." कुसाका फेरा घालून आला. त्याने पट्टा स्वतःच्या हाताने उघडला. गाडी तपासणीला गेली. ट्रकातल्या त्या पट्ट्याचं कुलूप मात्र गरम होतं.