तेलाच्या दोन बश्या

“हळू! वाकडा करू नकोस. सरळ वर उचल!” अक्रममामू ओरडले.

उमैमाने श्वास रोखून इंजिनावरचा सिलेंडर सरळ वर उचलला आणि पडवीतल्या टेबलावर ठेवला. तिचे आठवीतले दोस्त, दर्शन आणि मृणाली, दोन्हीकडून डोकावले.

पिस्टन ज्या नळकांड्यात वरखाली पळतो, तो हा सिलेंडर. चार दिवसांपूर्वी तो आतून कसा छान दिसत होता! आज मात्र त्याच्या आतल्या भिंतीवर उभे ओरखडे उठले होते.

“तरीच!” मामू पुटपुटले. “पंधरा मिनिटं चाललं नि धूर ओकायला लागलं. आत वाळूसारखी बारीक खर गेली होती. शेवटचं कोणी पुसलं होतं गो हे?”

“मी,” उमैमा म्हणाली.

“किनाऱ्यावरून खेळून आलीस नि वाळूच्या हातांनी पुसलंस!”

“नाही मामू! मी साबणाने हात धुतले होते! दोनदा!”

“मग वाळू काय उडत आली? आता इंजिनाला हात लावायचा नाही. ही पोरांची कामं नव्हेत.”

मामू मस्कतला जहाजदुरुस्तीच्या कामाला होते आणि दिवाळीच्या सुमारास रजेवर रत्नागिरीजवळच्या भाट्याला आले होते. उमैमाच्या अब्बांच्या छोट्या होडीचं इंजिन त्यांनी घरीच खोलायला घेतलं, तेव्हा साऱ्या घरादारासमोर “उमैमा माझी असिस्टंट!” असं जाहीर केलं होतं. त्या एका वाक्यावर ती आठवडाभर हवेत होती. तिला स्वतःच्या हाताने सुटं इंजिन जोडून बांधायचं होतं. आणि आता तर ती खोटारडी ठरली होती! तिला रडू कोसळणार होतं, पण दर्शनसमोर रडायचं नाही असा तिचा जुना नियम होता.

मामूंनी सिलेंडर पातेल्यातल्या डिझेलमध्ये खळबळून धुतला आणि रागारागाने आंघोळीला निघून गेले.

“सिलेंडर खराब झाला म्हणे?” आतून अम्मीचा आवाज आला. “अगं, मग दुसरा लाव की! परवाच भरलेला आलाय!”

“गॅसचा नाही, अम्मी!”

एरवी तिघं पोट धरधरून हसली असती. आज फक्त दर्शन हसला आणि मृणालीने त्याला कोपर मारलं.

मृणाली पातेल्यात वाकून बघत होती. “उमा, इकडे ये. तळाशी काय बसलंय बघ.”

उमैमाने डिझेल हळूच ओतून काढलं. तळाशी पिठासारखा बारीक गाळ होता. तिने तो पांढऱ्या फडक्यावर घेऊन उन्हात धरला.

“लाल आहे!”

“भाट्याची वाळू तर काळपट असते,” दर्शन म्हणाला. “लहानपणी मी बरीच खाल्लीय, मला विचार!”

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. लाल पूड कुठली, हे रत्नागिरीच्या पोराला सांगावं लागत नाही. जांभ्या चिऱ्याची! आणि घराच्या समुद्राकडच्या अंगाला शेजारच्या विनीतकाकांचं कुंपणाच्या भिंतीचं काम चालू होतं. रोज कटरने चिरे कापले जात होते.

तिघं धावत तिकडे गेली. कटर घुर्रऽऽ करत होता आणि लाल धुळीचे लोट उठत होते. पण सगळे लोट काकांच्या माडांवरून समुद्राकडे चालले होते! उमैमाच्या घराकडे चिमूटभर धूळसुद्धा येत नव्हती.

“काका, धूळ आमच्याकडे येते का हो?” उमैमाने विचारलं.

“तुमच्याकडं? कशी येल गो?” काका कटर थांबवून म्हणाले. “वारा कुठं चाललाय ता बघ की! तुझा मामू सकाळीच बोलला, तुमची धूळ आमाला लागत नाय म्हणून.”

उमैमाचा चेहरा पडला. गावलेला चोर हातातून निसटला होता. ती गुमान परतायला लागली.

“थांब!” मृणाली वाटेतच उभी राहिली. “आत्ता किती वाजलेत?”

“साडेनऊ. का?”

“अगं, भूगोल! सकाळी वारा जमिनीवरून समुद्राकडे. तो मतलई वारा! आणि दुपारी?”

“दुपारी खारा वारा!” उमैमा जवळजवळ किंचाळली. “समुद्रावरून जमिनीकडे! म्हणजे काकांकडून थेट आमच्या पडवीत!”

“आणि दुपारी मामू काय करतात?” दर्शनने विचारलं.

तिघांनी एकदम घोरून दाखवलं.

“पण हे असं सांगितलं तर ते मानणार नाहीत,” उमैमा म्हणाली. “त्यांच्याच तोंडून वदवून घ्यायला हवं.”

ठरलं! अम्मीच्या दोन जुन्या बश्या आल्या. दोन्हींत इंजिनातलं स्वच्छ तेल चमचाभर पसरलं. पहिली बशी दहा ते बारा टेबलावर ठेवली आणि मग झाकून कपाटात नेली. जेवणं झाली, मामू आडवे झाले. दोन वाजता माडांच्या झावळ्या उलट्या दिशेला हलू लागल्या. उमैमाने दुसरी बशी नेमकी त्याच जागी मांडली. पलीकडे कटर सुरू झाला. मोरीच्या पायरीवर बसून तिघं बशीची राखण करत राहिली. बघण्यासारखं काहीच नव्हतं, तरी दोन तास जागचं कोणी उठलं नाही. दर्शन तेवढा मध्येच दोनदा पेंगला.

चार वाजता मामू जांभया देत बाहेर आले. उमैमाने दोन्ही बश्या त्यांच्यापुढे धरल्या.

“मामू, इंजिनाला हात लावत नाही. फक्त एवढंच सांगा. यातलं कुठलं तेल सिलेंडरला लावाल?”

मामूंनी पहिल्या बशीतलं तेल बोटांवर चोळलं. “हे चांगलं आहे.” मग दुसरीतलं चोळलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. “हे ओतून टाक आधी! यात दगडाची पूड आहे. हे लावलंस तर सिलेंडरची वाट लागेल!”

“पहिलं सकाळचं,” उमैमा सावकाश म्हणाली. “दुसरं तुमच्या झोपेतलं. याच टेबलावरचं.”

मामूंनी बशीकडे पाहिलं, हलणाऱ्या झावळ्यांकडे पाहिलं, कटरच्या आवाजाकडे कान दिले. तिने पुसल्यावर तेल लावलेला सिलेंडर इथेच, उघडाच ठेवून आपण झोपलो होतो, हे त्यांना आठवलं असणार.

“मीच उघडा ठेवला होता,” ते म्हणाले. “आणि बोल तुला लावला. चुकलो मी, उमैमा.”

एवढं मोठं माणूस आपल्याला असं म्हणेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. इतका वेळ अडवलेलं रडू आता आलंच. दर्शनने शहाण्यासारखं दुसरीकडे पाहिलं.

“ये, आता बघू किती नुकसान झालंय ते,” मामू म्हणाले. “ओरखड्यावरून आडवं नख फिरव. अडकलं, तर लेथच्या यंत्रावर नेऊन भोक मोठं करावं लागेल आणि पिस्टनही मोठा लागेल. माझी रजा तेवढी नाही.”

उमैमाने नख फिरवलं. एकदा, दोनदा, चहूबाजूंनी.

“नाही अडकत!”

“मग घासून निभावेल!”

दुसऱ्या दिवशी पडवी सोडून आतल्या खोलीत दुकान थाटलं. मामूंनी ड्रिलला घासायचे दगड जोडले आणि ते तेल सोडत सिलेंडरच्या आत वरखाली फिरवले. ओरखडे गेले आणि चटईच्या विणीसारख्या तिरक्या रेषा उमटल्या. या रेषांतच तेल धरून राहतं, असं मामूंनी सांगितलं. मग डिझेलने धुऊन ते म्हणाले, “झालं!”

उमैमाने पांढरं फडकं आतून फिरवलं. राखाडी! पुन्हा धुतलं, तरी राखाडीच.

“अरे अक्रम,” दारातून अम्मी म्हणाली, “डिझेलने तेलकट जातं, खर कशी जाईल? मी कढई कशी घासते? गरम पाणी नि साबण!”

मस्कतचे मेकॅनिक मुकाट्याने बादली आणायला गेले.

गरम पाणी, साबण, ब्रश, फडकं. राखाडी. पुन्हा पाणी, पुन्हा फडकं. जरा कमी राखाडी.

“आता पांढरंच आहे,” मामू म्हणाले.

“नाही मामू, कडेला बघा. अजून एकदा.”

मामूंनी निमूटपणे बादली उचलली. पाचव्या खेपेला फडकं जसं गेलं तसं पांढरं आलं! खाऱ्या हवेत गंज चढायला वेळ लागत नाही, म्हणून उमैमाने सिलेंडर लगेच कोरडा करून ताजं तेल लावलं आणि पिशवीत गुंडाळून घट्ट बांधला. संध्याकाळी पिस्टनच्या खाचांत नव्या रिंगा चढल्या. सिलेंडर पिस्टनवर बसवायला मामूंनी तिच्याच हातात दिला.

रविवारी जयगड बंदरातल्या नोकरीवरून अब्बा घरी आले. होडी खाडीत उतरली. विनीतकाकाही कटर बंद करून बघायला आले. मामूंनी दोर ओढला. दुसऱ्या हिसक्याला इंजिन फटफटलं आणि एका लयीत चालू लागलं. धुराचं नाव नाही!

“जोरात नको पळवू,” मामू अब्बांना म्हणाले. “नवीन रिंगा आहेत, आज सबुरीने.”

“सुरेख बांधलंयस रे अक्रम!” अब्बा खूश होऊन म्हणाले.

“मी कुठे?” मामूंनी उमैमाच्या खांद्यावर हात ठेवला. “बांधलं हिने. मी फक्त पाणी तापवत होतो.”