दोन्ही कान दिसणारी नायिका

पहिल्या भेटीत साईशने मला केस कानामागे घ्यायला सांगितले. डिचोली बाजारात त्याचा फोटो स्टुडिओ आहे. दारात उभी असलेली प्रत्येक मुलगी त्याला पासपोर्टच्या फोटोसाठीच आली आहे असं वाटतं. मला तर बाकावरची जुनी सिनेमासिकं हवी होती.

मी पेडण्याची, म्हापशाच्या कॉलेजात डिझाइन शिकते. शेवटचा प्रकल्प होता एका काल्पनिक सिनेमासिकाचं मुखपृष्ठ. आधी जुन्या मुखपृष्ठांचा अभ्यास करायचा, मग आपलं करायचं. साईशच्या वडिलांनी गिऱ्हाइकांना वाचायला ठेवलेली मासिकं अजून तिथे आहेत, हे डिचोलीच्या वत्सलामावशीने सांगितलं होतं. मासिकं घरी द्यायला मात्र साईश तयार नव्हता. इथंच बसून बघ म्हणाला.

मग मी बसले... रोजच बसले. मी पट्टी घेऊन नट्यांच्या चेहऱ्याची मापं काढायची, तो न विचारता समोरच्या हॉटेलातून चहा मागवायचा. एकतीस मुखपृष्ठं मोजून झाली. मासिकाचं नाव नायिकेच्या केसांमागे थोडं लपतं, डोळे वरच्या भागात येतात आणि नजर – नजर नेहमी थेट वाचकाकडे. आमचे सरही हेच सांगायचे : जिची नजर वाचकाला भिडत नाही, ती विकली जात नाही.

दोन दिवसांच्या या कामाला मी नऊ दिवस लावले. पेडण्याहून दोन बस बदलून रोज डिचोलीला कशाला, असं आईने विचारलं, तेव्हा अभ्यास म्हणाले. खरं तर सोमवारी मुखपृष्ठ द्यायचं होतं, आणि ते दिलं की त्या बाकावर बसायला मला कुठलंच निमित्त उरणार नव्हतं.

शनिवारी साईश मुखपृष्ठाचा फोटो काढणार होता, पण माझी नायिका, म्हणजे मैत्रीण पल्लवी, तापाने झोपली. साईश शांतपणे म्हणाला, तूंच उबी राव.

मी अबोलीचा वळेसर केसांत माळून उभी राहिले. त्याने दिवे लावले, मागे पांढरा पडदा सोडला आणि – जित्याची खोड –

"खांदे सारके कर. कान दिसूंक जाय. हांसूं नाका."

"अरे, कव्हर हें. पासपोर्ट न्हय."

"हय, हय," म्हणत त्याने पुढचे वीस फोटोही तसेच काढले. दोन्ही कान, सरळ मान, चेहऱ्यावर सरकारी भाव. एकविसाव्या वेळी तो स्वतःच कपाळाला हात लावून कॅमेऱ्याआडून बाजूला झाला आणि लाजून हसला. दुसऱ्या हातून बटण दाबलं गेलं. मला तेव्हाच कळलं, मी या मुलाच्या प्रेमात पडले आहे.

रविवारी त्याच फोटोचं मुखपृष्ठ छापून मी त्याच्यापुढे ठेवलं. त्याने ते निरखून बघितलं आणि माझ्या डोळ्यांवर बोट ठेवलं.

"सगळ्यो नट्यो वाचकाक पळयतात म्हणटालें मगे तूं," तो हळूच म्हणाला. "ही... खंय पळयता?"

नऊ दिवस मोजमापं काढली होती. आता मोजून बोलायचा कंटाळा आला होता.

"फोटो काडटा ताका."

त्याने चहाचा ग्लास उचलला, परत ठेवला. मग मुखपृष्ठ माझ्या हातात देऊन म्हणाला, "फाल्यां सरांक दी. आनी मागीर हांगा यो... निमित्त नासतना."

सोमवारी सरांनी चुकलेल्या नजरेचे पाच गुण कापले. कुठलंच निमित्त नसताना मी दुपारच्या बसने डिचोलीला गेले. बाकावर मासिकं नव्हती. साईशने ती सगळी आत उचलून ठेवली होती, आणि बाकावर दोघांना पुरेल एवढी जागा करून तो केस विंचरून बसला होता. त्याचे दोन्ही कान दिसत होते.