बाभूळवाडीची सरासरी

उष्मशाळेच्या काचेपलीकडे सेहेचाळीस अंश होते. एक स्वयंसेविका जागच्या जागी सायकल मारत होती आणि डॉ. कुंदा भोयर तिच्या कपाळाकडे बघत बसली होती.

"आठ मिनिटं," घाम दिसला तशी कुंदा म्हणाली. "वीस दिवसांपूर्वी हिला तिसऱ्या मिनिटाला घाम फुटला होता."

"मधे काय केलं हिला?" आष्टीकरांनी विचारलं. ते संख्याशास्त्रज्ञ होते आणि खात्याने त्यांना नागपूरला एकाच प्रश्नाचं उत्तर आणायला पाठवलं होतं.

"काही नाही. रोज नऊ तास थंड खोलीत बसवलं. सर, शरीर उन्हाळा शिकतं. घाम लवकर सोडायचा, त्यातून मीठ कमी जाऊ द्यायचं, रक्तातलं पाणी वाढवायचं. याला मी तापसराव म्हणते. पण थंडाव्यात बसलं की हे शिकलेलं तीन आठवड्यांत जातं. मग त्या माणसाला एकदम उन्हात सोडलं, तर पूर्वी जे ऊन त्याने सहज काढलं असतं तेच त्याला मारतं."

आष्टीकरांचा प्रश्न नेमका हाच होता: वाढवलेले तास परत कसे घ्यायचे. गेल्या वर्षीच्या जळत्या उन्हाळ्यानंतर गरीब घरांचे शीततास, म्हणजे गारव्यासाठी सरकारने दिलेले तास, रोजी तीनवरून नऊ केले होते. तास संपले की आपोआप बंद पडणाऱ्या नव्या शीतपेट्या घरोघरी बसवल्या, पाठ थोपटून घेतली. ही वाढ तात्पुरती होती आणि दहा मेला संपत होती. मेमध्येच का, असं कोणी विचारलं नाही. असल्या तारखा थंड खोल्यांत ठरतात.

"मग उपाय?"

"ज्यांनी रोज चार तासांपेक्षा जास्त वापर केला, त्यांचे तास हळूहळू उतरवा. दर चार दिवसांनी एक. ज्यांचा वापर कमी, त्यांचा तापसराव शाबूत आहे. त्यांचे एकदम कापले तरी चालेल."

आष्टीकरांनी वस्त्यांची यादी पुढे सरकवली. कुंदाची नजर आपोआप एका नावावर गेली. चंद्रपूर, बाभूळवाडी, योजनेतली दहा घरं. सरासरी वापर रोज चोपन्न मिनिटं.

"माझी आई राहते इथे," ती म्हणाली. "एवढी पेटी दिली, पण लावायचीच नाही. नव्या चादरी ट्रंकेत ठेवून फाटकी पांघरणारी बाई आहे ती."

"मग चांगलंच झालं की. तुमच्या हिशेबाने त्या सगळ्यात सुरक्षित."

कुंदा हसली. खरंच हायसं वाटलं तिला. तिने बाभूळवाडीसमोर 'तत्काळ कपात' लिहून सही केली.

संध्याकाळी तिने आईला, सिंधूबाईला, फोन लावला. पलीकडे चार-पाच बायकांचं हसणं चाललं होतं.

"कुठे आहेस?"

"नंदाच्या घरी बसलो. तू जेवली का?"

"आई, पेटी का लावत नाहीस?"

"काऊन रागावते? तास वाचवून ठेवले ना मी. तुमची वाढ बंद होईल तवा कामी येतील."

"शिल्लक राहत नाहीत गं ते. त्या दिवसाचे त्या दिवशी संपतात."

"हो, तुमचं सरकार सांगते तसंच," सिंधूबाई म्हणाली. पलीकडे पुन्हा हसणं. "तू नको काळजी करू. मले काही होत नाही."

कुंदाने आग्रह सोडला. आता न लावण्यातच भलं होतं.

दहा मेला वाढ संपली. चौदाला चंद्रपूरचा पारा अठ्ठेचाळीसवर गेला. ज्या वस्त्यांत तास हळूहळू उतरवले होते तिथून काही वाईट बातमी नव्हती. आपलं गणित बरोबर आलं, याचा कुंदाला आनंद झाला आणि तो लपवावा असंही वाटलं नाही.

पंधराच्या दुपारी तिला अहवालात आईच्या वस्तीचं उदाहरण द्यायचं होतं, म्हणून तिने पहिल्यांदाच सरासरी सोडून घरागणिक नोंदी उघडल्या.

पहिल्या दिवशी पहिलं घर, नऊ तास. बाकी नऊ घरं शून्य. दुसऱ्या दिवशी दुसरं घर, नऊ तास. तिसऱ्या दिवशी तिसरं. दहाव्या दिवसानंतर पुन्हा पहिलं. रोज अकराला सुरू, रोज एकच घर. पडद्यावर जिना उतरत गेला होता, वर्षभर, एकही पायरी न चुकवता.

भिशी. तिच्या लहानपणी आई भांड्यांची भिशी चालवायची. ज्या घरची पाळी, तिथे सगळ्या जमायच्या.

एकट्या राहणाऱ्या दहा बायका वर्षभर रोज नऊ तास थंडाव्यात बसल्या होत्या. प्रत्येकीने फक्त दहातला एकच दिवस खर्च केला होता आणि उरलेले नऊ वाचवले होते, असं त्यांना वाटत होतं. त्यांच्यापैकी एकीच्याही अंगात तापसराव उरलेला नव्हता.

त्या दिवशी आठव्या घराची पाळी होती. आठवं घर सिंधूबाईचं.

फोन कोणी उचलला नाही. दवाखान्याची गाडी पाठवायला सांगून कुंदा निघाली. पोचली तेव्हा पाच वाजून गेले होते. गाडी तिच्या आधी पोचली होती आणि कोणाला घेऊन जायची घाई आता राहिली नव्हती.

दुपारी आईच्या खोलीत दहाजणी बसल्या होत्या. सातजणी वारल्या होत्या, तिघींना बाहेर सावलीत काढलं होतं. सिंधूबाई पेटीला पाठ टेकून बसली होती, मांडीवर अर्धवट निवडलेली मेथी. कुंदाने तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ अजून तापलेलं होतं आणि कोरडं होतं.

नंदा पायरीवर होती, डोक्यावर ओलं फडकं. "चार दिवस झाले, पेटी दोनलाच बंद पडते, मंग आम्ही बाहेर सावलीत जाऊन बसत होतो. आजही दोनला बंद पडली," ती म्हणाली. "तुही माय म्हणे, थांबा, आता आपले वाचवलेले तास सुरू होतील. आम्ही थांबलो. दार लावून ठेवलं, गार हवा जाऊ नये म्हणून."

"काकू, मला कोणी सांगितलं का नाही?"

"पेटीवर लिहून हाय ना, दुसऱ्या घरचे माणसं बसवू नये म्हणून. माय म्हणे, पोरगी सरकारी लोकांत हाय. तिले सांगू नका. तिच्या नोकरीवर येईल."

कुंदा दारातच बसली. आईने तिला वाचवलं होतं, आणि तिने आईच्या वस्तीच्या नावासमोर सही केली होती. ती मोठ्याने रडली, वस्तीने बघितलं.

दुसऱ्याच दिवशी खात्याने वाढ परत सुरू केली, तात्पुरती. दहाही घरं कुलपात होती. ज्या तिघी वाचल्या त्यांना लेकरं घेऊन गेली होती. पण प्रत्येक पेटी आपोआप सुरू करणाऱ्या वेळकळीवर बायकांनी कुणाकडून तरी आपापल्या पाळीचा दिवस लावून घेतला होता, आणि ती कळ कोणी काढली नव्हती. सोळाला नववं घर सुरू झालं. सतराला दहावं. मग पुन्हा पहिलं. नागपुरात बसून कुंदा रोज ती पायरी बघत राहिली. आष्टीकर म्हणाले, पेट्या बंद करून टाका. ती हो म्हणाली आणि तिने केल्या नाहीत.

पंचवीस मेला, आठव्या घराच्या पाळीला, ती बाभूळवाडीला गेली. कुलूप काढलं, आईच्या जागी, पेटीला पाठ टेकून बसली. खोली भट्टीसारखी तापली होती. समोर नऊ पाटांची जागा मोकळी होती.

अकराला पेटी सुरू झाली आणि तिच्या मानेवर थंड हवा आली.