आठ जणांचा मुक्काम

ईशिताचा उजवा पाय स्कीच्या बुटात गेला तो अगदी सहज. बाहेर यायला मात्र तो काही केल्या तयार होईना.

खरं तर त्या दुकानात स्कीशी तिचं काहीच काम नव्हतं. नोव्हेंबरचा पहिला बर्फ पडला होता आणि कॅनडातल्या रिचमंड हिलच्या फुटपाथवर आई घसरू नये म्हणून बुटांना लावायचे खिळे घ्यायला ती आली होती. वाटेतल्या फळीवर तो लालभडक बूट दिसला, आणि तिला वाटलं, घालून तर बघू. आता तो ओढून झाला, बाकाला टाच टेकवून झाली, पण बूट आपला ढिम्म. तेवढ्यात आईचा फोन आला.

“आई, मी नंतर कॉल करते. माझा पाय अडकलाय... नाही गं, बुटात. बहुतेक हा घालूनच ड्राइव्ह करत घरी यावं लागणार.”

“आधी वरच्या दोन कड्या सोडवा,” शेजारून आवाज आला. “मग आतली जीभ पुढे ओढा.”

मराठीत! ईशिताच्या हातून फोन पडायचाच बाकी राहिला. शेजारी एक सावळा, उंच तरुण खांद्यावरची स्की सावरत उभा होता, आणि त्याचे डोळे हसू दाबत होते. तो गुडघ्यावर बसला, दोनदा खटखट झालं आणि तिचा पाय सुटला. का कोण जाणे, तो इतक्या लवकर सुटायला नको होता असं तिला वाटून गेलं.

त्याचं नाव ॲड्रियन. मूळचा वसईचा, पाच वर्षांपूर्वी आलेला, मिसिसागाला विमानतळाजवळच्या एका माल वाहतुकीच्या कंपनीत नोकरी. पहिल्या हिवाळ्यात बर्फाला वैतागला होता, मग कुणीतरी स्कीवर उभं केलं आणि तेव्हापासून तो त्यावरून उतरलाच नव्हता.

“तुम्ही इथल्याच का?” त्याने विचारलं.

“हो, बॉर्न अँड ब्रॉट अप.”

“मग काय, लहानपणापासून स्की करत असाल.”

इथे तिने सरळ नाही म्हणून टाकायला हवं होतं. पण कॅनडात जन्मलेल्या मुलीला स्की येतं, हे पुण्याच्या मावशीपासून ऑफिसातल्या बॉसपर्यंत सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. आणि त्यांना कोण सांगणार की तिचे बाबा, म्हणजे डॉक्टर हेमचंद्र, हाडांचे सर्जन होते? दर हिवाळ्यात स्की करणाऱ्यांच्या तंगड्या जोडून ते घरी यायचे आणि जेवताना त्यांची रसभरीत वर्णनं करायचे. शाळेची स्कीची सहल निघाली की ईशिताला हमखास ‘ताप’ यायचा. बर्फाशी तिचा संबंध होता तो ड्राइव्हवे शोव्हल करण्यापुरता.

“ऑफ कोर्स,” ती म्हणाली. “माझे बूट वेगळ्या टाइपचे आहेत, म्हणून हे जरा...” आणि अब्रू राखायला तिने ते लाल बूट विकतसुद्धा घेतले. घरी जाऊन बेसमेंटमध्ये, ख्रिसमसच्या दिव्यांच्या खोक्यामागे दडवले.

दुकानात पैसे द्यायच्या रांगेत तो म्हणाला की फेब्रुवारीत त्यांच्या आठ जणांचा ग्रुप जपानला, शिगा कोगेनला चाललाय. डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टांनी आणि बसने एकमेकांना जोडलेले डोंगरच डोंगर. मुक्काम कुठे करायचा यावरच घोडं अडलंय, तेव्हा एखाद्या जाणकाराने मदत केली तर... असं म्हणून तो थांबला. ईशिता जाणकारासारखी हसली.

मग दर शनिवारी एका कॉफी शॉपच्या कोपऱ्यातल्या टेबलावर ईशिताने छापून आणलेला तिथला मोठा नकाशा उलगडला जाऊ लागला. ईशिता आदल्या रात्री व्हिडिओ बघून यायची आणि परीक्षेला बसल्यासारखी बोलायची. तिचं मत ओकुशिगाचं. ते एका टोकाला, शांत, उतारही कडक, म्हणजे तिच्यासारखीला शोभणारं. ॲड्रियनचं आपलं एकच पालुपद, इचिनोसे. ते मधोमध, हॉटेलं भरपूर आणि दारासमोरच सोपा उतार. तिने नाक मुरडलं की तो समजावायचा, की चारच्या सुमाराला लिफ्टा बंद होतात. भलत्या डोंगरावर राहिलो तर बसची वाट बघत कुडकुडायचं, आणि जपानी हॉटेलात जेवण लवकर वाढतात, ते हुकलं की उपाशी झोपायचं.

“सोपा उतार कुणासाठी?” तिने एकदा विचारलं. “तुमच्या ग्रुपमध्ये बिगिनर्स आहेत?”

“एखादं असतं,” तो कॉफीत बघत म्हणाला. “...त्याचीही सोय बघायला नको?”

तुम्हीचं तू कधी झालं ते दोघांनाही कळलं नाही. डिसेंबरच्या एका संध्याकाळी बर्फ भुरभुरत होता. त्याने तिला घरी सोडलं, गाडी थांबवली, आणि वायपरकडे बघत म्हणाला, “तू पण ये ना जपानला.”

“येईन की,” ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज ऐकून हादरली.

त्या रात्री तिला झोप आली नाही. ती त्याच्या प्रेमात पडली होती, अगदी आकंठ, आणि आता आठ माणसांच्या देखत उताणी पडणार होती. ज्याचा जीव बर्फात अडकलाय, त्याने बर्फाला घाबरणारी मुलगी का पत्करावी? त्यातून खोटं बोललेली? जशी बुकिंग पक्कं करायची तारीख जवळ आली, तशी तिने त्याचे फोन घेणंच सोडून दिलं. नकाशासुद्धा गेल्या शनिवारी टेबलावरच विसरून आली.

बुकिंगच्या शेवटच्या दिवशी ऑफिसातून घरी येते तो ड्राइव्हवेत ॲड्रियनची गाडी.

स्वयंपाकघरात तो आईसमोर बसून थालीपीठ खात होता. शेजारी घडी घातलेला नकाशा होता. तो फक्त तेवढा द्यायला आला होता, पण दारात आलेल्या माणसाला ईशिताच्या आईने, म्हणजे पद्मजाबाईंनी, तसंच परत पाठवल्याचं आजवर कुणाच्या ऐकिवात नाही.

“बरं झालं आलीस,” आई म्हणाली. “हा तुला स्कीतली एक्सपर्ट म्हणतोय. मी म्हटलं, बाबा रे, घर चुकलास बहुतेक. आमची ईशिता साध्या ड्राइव्हवेवर घसरते.”

ईशिता कोट न काढता तशीच उभी राहिली. धरणी दुभंगती तर ती आनंदाने आत गेली असती. ॲड्रियनने मान वर केली नाही. हा आता उठणार, थँक्यू काकू म्हणणार आणि कायमचा जाणार, असं तिला अगदी स्पष्ट दिसलं.

“आणि याचंही ऐक,” आईने तव्यावरचं थालीपीठ उलटलं. “मी आपलं सहज विचारलं, तुमच्यात कोणकोण चाललंय? तर दोन नावं सांगितली आणि तिसऱ्याला अडखळला. त्या दोघांतला तो ॲलरॉय, तो तर वसईत असतो म्हणे.”

“म्हणजे?” ईशिताने विचारलं.

“ग्रुप नाहीये,” ॲड्रियन थालीपिठाला उद्देशून म्हणाला. “काकूंनी एवढं लोणी वाढलं... त्यांच्याशी खोटं बोलवेना.”

पद्मजाबाई हातात उलथनं घेऊन दोघांकडे आळीपाळीने बघत राहिल्या. डॉक्टरांबरोबर उभा जन्म काढलेली ही बाई सहसा कशाने हबकत नसे, पण आज हबकली होती. “एक जण नसलेल्या माणसांसाठी खोल्या शोधतोय, आणि दुसरी न येणाऱ्या स्कीसाठी डोंगर. मला तर काही समजेनासंच झालंय.”

ईशिता बाहेर गेली. काहीतरी करायला हवं म्हणून तिने फावडं उचललं आणि नुकताच साफ केलेला ड्राइव्हवे पुन्हा खरवडायला लागली. मागून पावलं वाजली.

“एकही नाही?” तिने न वळता विचारलं.

“मी आहे ना.” तो जरा थांबला. “एकट्याने जाणार होतो. दुकानात तुला तसं सांगितलं असतं तर तू दुसऱ्यांदा भेटली नसतीस. एकदा आठ म्हटल्यावर मग कमी करता येईनात.”

“आणि मी? मीसुद्धा फसवलंच ना तुला. राग नाही आला?”

“कशाचा? मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ज्या बाईला बूट काढता येत नाही, ती कसली स्की करणार?”

ईशिता गर्रकन वळली. म्हणजे ती ओकुशिगाची भाषणं, ते कडक उतार, सगळं तो ठाऊक असून ऐकत होता? तिला संताप आला, हसू आलं, आणि डोळ्यांत पाणी कुठून आलं ते कळेना. “मग अडवलं का नाहीस?”

“तू इतकं छान सांगायचीस... आणि मी इचिनोसेच म्हणत होतो ना? तो दारासमोरचा उतार तुझ्यासाठी होता. पहिल्या दिवसापासून.” त्याच्या पापण्यांवर बर्फ साचला होता आणि तो पुसायचं त्याला सुचत नव्हतं. “मला तू आवडतेस, ईशिता. तुला स्की आलं नाही तरी चालेल. आपण खिडकीतून बर्फ बघू.”

तिने हातमोजा काढला आणि तो बर्फ पुसला. “खिडकीतून का? शिकव मला,” ती म्हणाली. “मला पण तू आवडतोस. खूप.”

दार किलकिलं झालं. “कुठे राहायचं ते ठरलं का?” आईने विचारलं.

“इचिनोसे,” दोघं एकदम म्हणाले.

“मग दोन नको, तीन खोल्या सांगा, तिसरी आम्हा दोघांची. तुझे बाबा पुण्याला गेलेलेच आहेत, त्यांना तिथून परस्पर तिकडेच बोलावते. तू स्की करणार म्हटल्यावर हाडं जोडणारा माणूस हाताशी असलेला बरा.”

दार लागलं.

मग ईशिताने बेसमेंटमधून लाल बूट आणले. ती पायरीवर बसली, ॲड्रियन बर्फातच गुडघा टेकून बसला आणि त्याने एकेक कडी लावली. “आता काढून दाखव,” तो म्हणाला. “हा पहिला धडा.”

वरच्या दोन कड्या, मग जीभ पुढे. तिला सगळं पाठ होतं. तिने एक कडी सोडवली आणि हात मागे घेतला.

“जमत नाहीये,” ती म्हणाली.

त्याच्याशी बोललेलं तिचं हे शेवटचं खोटं, आणि तेही त्याला लगेच कळलं.