पांढऱ्या कुड्याची साल

"जाऊबाई, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नका!"

फुलाबाई दारात आडवी उभी राहिली. आत तिची एकुलती एक लेक, सहा वर्षांची नवसा, आवेच्या दुखण्याने पार वाळून गेली होती... आणि पोरीची चुलती चंद्रभागा, जिने तिला न्हाऊमाखू घातले होते, ती परक्यासारखी ओसरीवर उभी!

त्याला कारण मागल्या दारचे पांढऱ्या कुड्याचे झाड. नऊ वर्षांपूर्वी विधवा चंद्रभागेची मुलगी अशाच आवेने गेली, तेव्हा आवेवरचे औषध, कुड्याची साल, वेळेवर मिळाली नव्हती. त्याच हिवाळ्यात तिने डोंगरातून शेंगा आणल्या. त्या तडकून बी कापसासारखे उडून जाण्याआधीच तोडलेल्या. बी रात्रभर भिजवून पेरले, पहिला उन्हाळाभर रोपावर कपाशीच्या वाळक्या पळाट्यांची सावली धरली. मुलीमागे तेच तिचे लेकरू!

चार दिवसांपूर्वी दीर यादव, नवसाचा बाप, कोयता घेऊन त्या खोडाला भिडला, तेव्हा ती ओरडली होती, "भाऊजी, गोल सोलू नका! उभी पट्टी काढा, नायतर झाड मरंल."

"पोरीपेक्षा झाड मोठं झालं का, वहिनी?" कोयता फेकून तो तडक म्हसरूळच्या डोंगराकडे गेला आणि ओझेभर साल घेऊन आला. तेव्हापासून त्या सालीचाच काढा चालू होता. पण उतार नव्हता! 'मीच पोरीच्या जिवावर उठले का?' चंद्रभागेच्या काळजात सारखे हेच टोचत होते.

दाराशी काढ्याचा उष्टा पेला पडला होता. तिने बोट बुडवून जिभेला लावले मात्र, तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

"भाऊजी! हा कडू कुठं हाय? ही काळ्या कुड्याची साल हाय हो! ही आवेला चालत नाय!"

यादवचा चेहरा पांढराफटक पडला. "चीक तर तसाच निघाला, वहिनी... झाडबी तसंच दिसलं..."

चार दिवस फुकट गेले होते. आता पट्टीभर सालीने भागणार नव्हते. चंद्रभागेने कोयता उचलला, डोळे मिटले, आणि गुडघ्यापासून खांद्यापर्यंत ते कोवळे खोड स्वतःच्या हाताने गोल सोलून काढले... पांढरा चीक मनगटावरून ओघळत होता.

काढा आटवून तिने पेला दाराशी ठेवला. "मी आत येत नाय, फुला. तूच पाज. पण आधी चाखून बघ."

फुलाबाईने चाखला. कडूपणाने तिचे तोंड वेडेवाकडे झाले. पेला घेऊन ती आत वळली.

दोन दिवस चंद्रभागा ओसरीवरून हलली नाही. आतले प्रत्येक कण्हणे तिच्या छातीत उमटत होते. आवाज थांबला की त्याहून धडकी भरत होती!

तिसऱ्या सकाळी क्षीण आवाज आला, "आई, भूक लागली..."

फुलाबाई धावत बाहेर आली आणि जावेच्या पायांवर कोसळली. "जाऊबाई, मी पापीण! तुमचं झाड गेलं हो माझ्यापायी..."

"पोर राहिली ना? मग ऊठ बघू."

यादव मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, मी ते झाड बुडातून कापतो. मुळाला फुटवा येईल का?"

"आला तर आला. नाय आला, तर हिवाळ्यात शेंगा आणू. बी लावायचं मी शिकवीन तुम्हाला."

फुलाबाईने नवसाला उचलून आणले आणि जावेच्या मांडीवर ठेवले. पोर अगदी हलकी लागत होती. पण तिने चंद्रभागेच्या पदराची कड मुठीत धरली... आणि इतके दिवस कोरडी राहिलेली ती बाई हुंदके देऊन रडू लागली.