चोपन्न किलो

गुरुवारी सकाळी साडेनऊला सुनीतीने गाडी वजनावर घेतली. रेसच्या आठवड्यात हे काम ठरलेलंच असे. चार चाकांखाली चार सपाट वजनकाटे सरकवायचे, टायरमधली हवा बघायची आणि टेबलावरच्या स्क्रीनवर आकडे स्थिर होण्याची वाट बघायची.

हार्कनेल ही काही मोठी कंपनी नव्हती. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सबाहेरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दोन शेड, तेवीस माणसं, आणि वर्षाला जेमतेम चाळीस गाड्या, त्याही हाताने बांधलेल्या. जीटी रेसमध्ये समोर उभ्या राहायच्या त्या मोठ्या फॅक्टऱ्यांच्या टीम्स. त्यांच्याकडे ट्रकभर स्पेअर पार्ट्स असत. हार्कनेलकडे एक जादा बंपर होता आणि हलकेपणा होता. हलकी गाडी टायर कमी खाते, पेट्रोल कमी पिते, तीन तासांच्या रेसमध्ये पेट्रोल-टायरसाठी दोन लॅप उशिरा पिटमध्ये येते. तेवढ्यावर लहान कंपनी तग धरते. तो हलकेपणा राखणं ही सुनीतीची नोकरी होती. ग्लासगोच्या एका मराठी डॉक्टर जोडप्याची ही मुलगी गेली अकरा वर्षं ग्रॅम मोजत आली होती.

गाडी बाराशे चाळीस किलो भरायला हवी होती. स्क्रीनवर बाराशे चौऱ्याण्णव आले.

"नंदूदादा, वजन चुकीची आहे."

"चुकीचं," नंदू म्हणाला आणि हात पुसत आला. पिंपरीच्या टूलरूममध्ये वीस वर्षं काढून तो इथे आला होता. शेडमधला सगळ्यात जुना मेकॅनिक तोच. "किती जास्त?"

"चोपन्न किलो."

"पेट्रोल राहिलं असेल."

पेट्रोल नव्हतं. त्यांनी गाडी खाली ढकलली, काट्यांवर माहितीतली वजनं ठेवून बघितली. काटे बरोबर होते. गाडी पुन्हा चढवली. बाराशे चौऱ्याण्णव. जास्तीचं सगळं वजन डाव्या चाकांवर होतं. ड्रायव्हर उजवीकडे बसतो. डावीकडे, जिथे साध्या गाडीत दुसरी सीट असते, तिथे नुसती रिकामी कार्बनची जमीन होती.

नंदू त्या रिकाम्या जागेकडे बघत राहिला. मग चहा करायला गेला.

चोपन्न हा आकडा सुनीतीला पाठ होता. तो तिनेच लिहिला होता. टेस्टिंगच्या दिवशी गाडीत बसणाऱ्या प्रत्येकाचं वजन हेल्मेटसकट नोंदवायचं असे. वैभवी, चोपन्न किलो. नाशिकहून मास्टर्ससाठी आलेली, सत्तावीस वर्षांची इंजिनिअर. मागच्या ऑक्टोबरमध्ये ती एका जुन्या एअरफील्डवर मांडीवर लॅपटॉप घेऊन डावीकडच्या तात्पुरत्या सीटवर बसली होती. टायर फुटला, गाडी बॅरियरवर गेली. ड्रायव्हरला खरचटलं. वैभवीची सीट जागेवरून सुटली. ती वाचली नाही.

चौकशीत निघालं की सीटचे बोल्ट नीट आवळलेले नव्हते. बोल्ट नंदूने लावले होते.

खरं तर बोल्टना काही झालं नव्हतं. तुटलं होतं ते सीट धरून ठेवणारं ब्रॅकेट. पाच मिलिमीटरचं ब्रॅकेट सुनीतीने तीनचं केलं होतं. चारशे दहा ग्रॅम वाचले होते. अपघातानंतर दुसऱ्या दिवशी तिने कॉम्प्युटरवर ड्रॉइंग उघडलं, तेव्हा त्यावर पुन्हा पाच लिहिलेलं होतं. दारात मालक ग्रॅहम उभा होता. "तेवीस माणसांची पोटं आहेत, सुनीती," एवढंच तो म्हणाला. तिने फाइल बंद केली.

नंदूला कंपनीने काढलं नाही. हा त्याला मालकाचा मोठेपणा वाटे. ग्रॅहमचे उपकार मानून तो मान खाली घालून काम करी.

शनिवारी सिल्व्हरस्टोनच्या रेस ट्रॅकवर आयोजकांच्या काट्यावर गाडी बरोबर बाराशे चाळीस भरली. सुनीतीने श्वास सोडला. शेडचे काटेच बिघडले असणार, तिने स्वतःला बजावलं.

रविवारी दुपारी रेस सुरू झाली. पहिला तास छान गेला. दुसऱ्या तासाला कॅलम गाडीत बसला. तो शांत डोक्याचा ड्रायव्हर, रेडिओवर कामापुरतं बोलणारा.

"डावी बाजू जड लागतेय," तो म्हणाला.

सुनीतीने आकडे बघितले. पेट्रोल हिशेबापेक्षा जास्त जात होतं. डावे टायर तापले होते.

दहा मिनिटांनी पुन्हा रेडिओ वाजला. "उजव्या वळणांवर कोणीतरी दाराकडे रेलतंय असं वाटतं."

"रिपीट?"

"काही नाही. विसर."

ती ग्रॅहमकडे गेली. "गाडी आत घे."

"का? डेटा दाखव."

"डेटात नाहीये ते."

"मग?" त्याची नजर स्क्रीनवर होती. हार्कनेल आपल्या गटात तिसरी होती. इतकी वर आजवर कधीच आली नव्हती. "बोल ना, का?"

बोलायला एकच गोष्ट होती. ती सहा महिने गिळलेली होती. शेजारी नंदू टायर उचलत होता.

"काही नाही," सुनीती म्हणाली.

गाडी तिसरीच आली. माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. रेसनंतरच्या वजनातही ती बरोबर भरली. फक्त डाव्या टायरांचं रबर संपून आतले धागे दिसत होते. कॅलमने हेल्मेट काढलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"शेवटचे दहा लॅप," तो सुनीतीला हळूच म्हणाला, "मी तिकडे बघितलंच नाही."

सुनीतीने गाडीवर कव्हर ओढलं.

सोमवारी तिने नंदूला शेडमागे गाठलं.

"नंदूदादा, बोल्ट तुम्ही नीट लावले होते. ब्रॅकेट तुटलं. माझं ड्रॉइंग होतं."

नंदूने चहाचा कप कठड्यावर ठेवला. 

"पोरीच्या आईला मी फोन केला होता," तो म्हणाला. "माफी मागायला. त्या म्हणाल्या, तुमचं तोंड बघायची इच्छा नाही. बरोबरच होतं त्यांचं."

"मी सांगते त्यांना. मी ग्रॅहमला…"

"सहा महिने, सुनीती." आवाज चढला नव्हता. "रोज माझ्या हातचा चहा प्यायलीस."

त्याने ओव्हरऑल काढलं, घडी घालून कठड्यावर ठेवलं आणि तो गेला. पुन्हा आला नाही. फोनही उचलला नाही. वैभवीच्या आईला सुनीतीने पत्र लिहिलं. ते न उघडता परत आलं.

पुढच्या मंगळवारी आयोजकांचा मेल आला. लहानमोठ्या गाड्या एका पातळीवर याव्यात म्हणून ते रेसगणिक वजन ठरवून देत. तिसऱ्या नंबरामुळे हार्कनेलला पुढच्या रेसमध्ये जास्तीचं वजन वाहायचं होतं. लोखंडी प्लेट्स, डावीकडच्या रिकाम्या जागेत पक्क्या बसवलेल्या. चोपन्न किलो.

ग्रॅहम चडफडला. "प्लेट्सचं ब्रॅकेट तरी हलकं कर. तिथे काही माणूस बसणार नाहीये."

सुनीतीने ब्रॅकेट पाच मिलिमीटरचं काढलं. प्लेट्स स्वतः आणल्या. बोल्ट स्वतः आवळले, एकेक दोनदा तपासला. चार वाजले होते, उन्हाची तिरीप शेडच्या जमिनीवर आली होती. आत दुसरं कोणी नव्हतं.

तिने गाडी काट्यांवर घेतली आणि मागे सरकून उभी राहिली.

बाराशे चौऱ्याण्णव. अगदी बरोबर.

आकडा स्थिर होण्याची ती वाट बघत राहिली.

उजव्या चाकांचे आकडे थांबले.

डाव्या चाकांचे थांबेनात. शेवटचा अंक दोनावर गेला, शून्यावर आला. जरा थांबला. पुन्हा दोनावर गेला, पुन्हा शून्यावर आला. हळू, एका लयीत, झोपलेल्या माणसाची छाती हलावी तसा.